उदरातले बाळ आणि पाळण्यातले बाळ

दरवर्षी २८ डिसेंबरला ख्रिस्तसभा हेरोदाच्या तलवारीला बळी पडलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे स्मरण करते. त्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामांत गर्भातील जीवाच्या रक्षणासाठी प्रार्थना होतात. ते योग्यच आहे. परंतु मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आमच्यापैकीच कोणी सहज सांगून जाते, ‘आम्ही नाही बाळाला टोचून घेतलं. काय बिघडलं?’ या विसंगतीविषयी आता स्पष्ट बोलावयास हवे.

काय बिघडते, हे सामोआला विचारावे. पॅसिफिक महासागरातील सुमारे दोन लाख वस्तीचा हा देश. बहुतेक सारी प्रजा ख्रिस्ती आणि चर्चला जाणारी. जुलै २०१८ मध्ये तेथे गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस टोचल्यानंतर लगेच दोन बालके दगावली. लशीच्या भुकटीत पाणी मिसळावयाचे, त्याऐवजी परिचारिकांनी स्नायू शिथिल करणारे, मुदत संपलेले औषध मिसळले होते. दोष लशीचा नव्हता, ती कालविणाऱ्या हातांचा होता. दोन परिचारिकांना २०१९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. जनमानसात मात्र शिक्षा झाली ती लशीला. सरकारने ती कित्येक महिने बंद ठेवली, अफवांना रान मोकळे मिळाले आणि पहिला डोस मिळालेल्या बालकांचे प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत घसरले.

पुढच्याच वर्षी गोवर आला. ५,७०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ८३ जण मृत्यू पावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, शाळा बंद झाल्या, मुलांना सार्वजनिक जमावात जाण्यास मनाई झाली. ऐन आगमनकाळात, ५ व ६ डिसेंबरला, सारा देश थांबला. ज्या घरात कोणाचे टोचणे राहिले असेल, त्या घराबाहेर लाल कापड लावावयाचे आणि आरोग्यपथकाने तेथे जावयाचे, असे ठरले. मिसर देशात दारावरच्या तांबड्या खुणेने थोरल्या पुत्रांना वाचविले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सामोआत ती खूण लागली, पण अनेक पाळणे रिकामे झाल्यावर.

त्याच सुमारास टोंगा आणि फिजी या शेजारच्या देशांतही गोवर पोहोचला होता. तेथे एकही बालक दगावले नाही. देव तोच, समुद्र तोच, रोगही तोच. तेथील मुले टोचलेली होती, एवढाच काय तो फरक.

‘गोवर येतो आणि जातो,’ असे आमच्या आज्या म्हणत. तो येतो हे खरे, पण जाताना न्यूमोनिया, अतिसार किंवा मेंदूची सूज मागे ठेवून जातो. लस सर्वत्र पोहोचण्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे गोवराने मरत. २०२३ मध्येही ही संख्या एक लाखाच्या वर होती. हे दूरचेच दुःख आहे असेही नाही. २०२२ च्या अखेरीस आमच्या मुंबईत, गोवंडीच्या वस्त्यांत, गोवराने मुले नेली.

‘लशीने मूल स्वमग्न होते,’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांचे मूळ १९९८ च्या एका ब्रिटिश शोधनिबंधात आहे. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच्या प्रमुख लेखकाचा वैद्यकीय परवानाही रद्द झाला. संदेश मात्र अजून मागे घेतला गेलेला नाही.

तिसरा आक्षेप खास आमचा, कॅथलिकांचा आहे, म्हणून त्याचा आदराने विचार करावयास हवा. रुबेलाची लस ज्या पेशींवर वाढविली जाते, त्या पेशी १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या गर्भांपासून घेतल्या होत्या. हे खरे आहे आणि याचे दुःख वाटणे हे जिवंत विवेकाचे लक्षण आहे. परंतु त्यासाठी नवे गर्भपात होत नाहीत. त्याच पेशींची वंशावळ वाढविली जाते. व्हॅटिकनच्या जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने २००५ मध्ये, पर्याय नसेल तेथे अशा लशी वापरण्यास मुभा दिली आणि निर्दोष पर्यायांची मागणी करण्याचे कर्तव्यही सांगितले. २०१७ मध्ये तिने इतरांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढे लसीकरण साधणे हे नैतिक दायित्व असल्याचे म्हटले. शिवाय रुबेला गरोदर मातेस झाला, तर गर्भपात होतो किंवा बाळ बहिरे, मोतीबिंदू वा हृदयदोष घेऊन जन्मते. गर्भाच्या नावाने ही लस नाकारणारा नेमके कोणाचे रक्षण करतो?

राहिला शेवटचा युक्तिवाद: ‘मूल माझे, निर्णय माझा.’ गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विषाणू राहतो. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे गेल्या रविवारी ज्याचा स्नानसंस्कार झाला, ते बाळ तोवर शेजारच्या बाकावरील मुलांच्या भरवशावर जगते. शंभरातील पंचाण्णव मुले टोचलेली असतील, तरच त्या बाळाभोवती कुंपण उभे राहते. आमच्या निर्णयाची किंमत ते बाळ मोजते. त्याला कोणी विचारलेले नसते.

भ्यालेल्या आईची आम्ही थट्टा करीत नाही. सामोआतील मातांनी दोन शवपेट्या पाहिल्या होत्या. त्यांना वेळेवर, धीराने आणि खरे सांगणारे कोणी भेटावयास हवे होते. आमच्या धर्मग्रामांत ते काम कोण करणार? स्नानसंस्काराच्या तयारीत मातापित्यांना आणि धर्ममाता-धर्मपित्यांना श्रद्धेचे प्रश्न विचारले जातात. त्याच बैठकीत बाळाचे लसीकरण कार्डही मागावे. सरकारी केंद्रात लस विनामूल्य मिळते; तो दिवस रविवारच्या सूचनांत वाचावा. धर्मग्रामात परिचारिका असतील, तर त्यांना बोलावून मातांच्या शंका ऐकून घ्याव्यात. एवढे केल्यावर येत्या २८ डिसेंबरला आम्ही निष्पाप बालकांसाठी मेणबत्ती लावावी.