जियाना मोल्ला: आईपणातून दिसलेली देवाची प्रीती
कॅथलिक श्रद्धेनुसार आईची माया ही देवाच्या प्रीतीची खूण आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात ही प्रीती समजावताना तान्ह्या बाळाच्या आईचाच दाखला येतो आणि देवाचे प्रेम त्याहूनही अढळ ठरते. या शिकवणीचे विसाव्या शतकातील जिवंत उदाहरण म्हणजे इटलीतील जियाना बेरेत्ता मोल्ला. १९२२ मध्ये मिलानजवळच्या माजेंता येथे जन्मलेल्या जियाना बालरोगतज्ज्ञ होत्या. १९६१ मध्ये चौथ्या बाळाच्या वेळी गरोदर असताना त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशय काढण्यास चर्चच्या नीतिशिक्षणाचीही आडकाठी नव्हती. तरी बाळासाठी त्यांनी फक्त गाठ काढून घेतली. स्वतः डॉक्टर असल्याने पुढचा धोका त्यांना नेमका ठाऊक होता, आणि म्हणूनच हा निर्णय इतका थोर वाटतो. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली. २८ एप्रिलला जंतुसंसर्गाने आईचा मृत्यू झाला. मात्र त्यांचे आईपण या एका आठवड्यात मावत नाही. त्यांच्या मेझेरो गावातील दवाखान्यात येणारे गरीब रुग्ण, आधीची तीन लेकरे, पती पिएत्रो यांना लिहिलेली प्रेमळ पत्रे, डोंगरांची आणि बर्फावर घसरण्याची आवड: रोजच्या या भरल्या संसारातच ते घडले होते. देवाची प्रीती केवळ बलिदानात शोधणाऱ्यांनी हेही पाहायला हवे. १६ मे २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केले, तेव्हा पिएत्रो आणि पुढे डॉक्टर झालेली ती धाकटी मुलगी तिथे उपस्थित होते.