परदेशी मोटार आणि इंदूरकर

माझ्याकडे पेटी शिकावयास येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी गेल्या पंधरवड्यात मला विचारले, "गुरुजी, इंग्लंडातून एक जुनी जॅग्वार आणावी म्हणतो. तुमच्या वडिलांनी महाराजांच्या गाड्या पाहिलेल्या. तुम्हीच सांगा, ही हौस की उधळपट्टी?" मोटारींतले मला काय कळणार? मी शिकवणीला स्कूटरवरून जाणारा माणूस. पण प्रश्न मनात घोळत राहिला, आणि तो एकट्या त्या गृहस्थांचा नाही असे वाटल्यावरून हे लिहितो.

प्रश्न आताच निघण्याला कारण आहे. जुन्या मोटारी परदेशातून आणण्याची मुभा आपल्याकडे पूर्वीही होती, पण १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्यांपुरतीच. याचा परिणाम मोठा गमतीचा होई. जॅग्वारची एक्सके १२० ही स्पोर्ट्स मोटार १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात झळकली. पहिल्या सुमारे अडीचशे गाड्यांचे अंग लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून केलेले; १९५० पासून पोलादी अंगाच्या निघू लागल्या आणि एकंदर संख्या बारा हजारांवर गेली. म्हणजे दुर्मिळातली दुर्मिळ तेवढी आत यावी आणि तिची सारी भावंडे दाराबाहेर राहावीत, असा हा न्याय! २०२५ साली तो बदलला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी आता आणता येते आणि ही सीमा वर्षागणिक पुढे सरकते. १९६१ साली जिनिव्हात प्रथम दिसलेली ई-टाइपही त्यामुळे आवाक्यात आली. निदान कागदावर.

कागदावर म्हणतो, कारण जकात मोटारीच्या किमतीवरच नव्हे, तर तिच्यात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर बसते, आणि सगळे कर मिळून मूळ किमतीला मागे टाकतात. एक गाडी घ्यावी आणि दुसरीची किंमत सरकारजमा करावी, असा हा सौदा आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंद होते. पण गाडी रस्त्यावर काढावयाची ती प्रदर्शनाला, रॅलीला, नाहीतर पेट्रोल आणि दुरुस्तीला. रोजच्या कामाला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शहरात धूर काय थोडा आहे?

आता आमच्या शहराविषयी. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग उभारविली, ब्रांकुसीची शिल्पे विकत घेतली, आणि मोटारी तर किती! त्यांतली ड्यूसेनबर्ग एसजे जगभर नावाजलेली आहे. तिचे इंजिन व सांगाडा अमेरिकेतील इंडियानापोलिसचा. अंग मात्र लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात चढले. एवढ्या लांबलचक सांगाड्यावर बैठका दोनच. सुपरचार्जर लावलेल्या या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगत. अशा एसजे गाड्या साऱ्या मिळून छत्तीसच्या आसपास निघाल्या, आणि १९३७ साली कारखानाच बंद पडला. महाराजांची गाडी पुढे परत अमेरिकेस गेली. माणिकबागेतले सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात निघाले. आणि खुद्द माणिकबागेत कचेरी थाटली गेली ती कोणाची? सीमाशुल्क व अबकारी खात्याची! देशोदेशीच्या वस्तू आणविणाऱ्याच्या घरात जकातीचे कागद. नाटककाराला सुचले नसते.

या वैभवाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. माझे वडील १९४६ साली, अठराव्या वर्षी, सारंगीवादक म्हणून दरबारच्या नोकरीत शिरले. दोनच वर्षांत संस्थान मध्य भारतात विलीन झाले. (मी त्यांच्या पन्नाशीतले अपत्य, म्हणून हे सारे मला ऐकावयास मिळाले.) एका मोटारीच्या पैशात दरबारातले सगळे कलावंत किती वर्षे पोसले गेले असते, याचा हिशेब ते कधी कधी मांडीत. पैसा रयतेचा होता, हे विसरून चालणार नाही. पण हिशेब मांडून झाल्यावर ते हळूच म्हणत, "गाड्या मात्र अशा होत्या की बघत राहावे."

त्या गृहस्थांना मी सांगितले ते असे. पैसा तुमच्या कष्टाचा आहे, कर तुम्ही भरणार आहात, खुशाल आणा. पण आणून काचेआड कोंडणार असाल, भाव चढला की विकणार असाल, तर त्यापेक्षा सोने घ्या. पेटी वर्षभर बंद ठेवली की भात्याचे चामडे कडक होते, सूर अडखळू लागतात. जुन्या इंजिनाचेही असेच, असे आमच्या गल्लीतले मिस्त्री सांगतात: उभ्या गाडीचे वॉशर सुकतात, टाकीतले पेट्रोल चिकट होते. तेव्हा गाडीबरोबर एखाद्या होतकरू पोराला तिच्या कामात तयार करा. महिन्यातून एकदा नियमात बसेल तेवढी तरी ती चालू द्या, आणि शाळेच्या मुलांना जवळ येऊ द्या. ते हसले. "मुले ओरखडे पाडतील," म्हणाले. पाडतील. माझ्या पेटीवरही आहेत.

आणखी एक सुचवावेसे वाटते, ते येथील धनिकांना. विकत घेणे हाच एक मार्ग नाही. प्रदर्शनासाठी ठराविक मुदतीपुरती गाडी आणून परत पाठविण्याची सोय सीमाशुल्काच्या नियमांत आहे. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासमोर जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. मग होळकरांची ड्यूसेनबर्ग तिच्या आजच्या मालकाला विनवून आठ दिवस इंदुरास पाहुणी म्हणून का आणू नये? बाहेरचा गवई आपण बोलावतो, त्याला ठेवून घेत नाही. खर्च मोठाच येईल. पण एका जॅग्वारच्या जकातीहून फार अधिक होईल असे मला वाटत नाही.

वडील सांगत, महाराजांची एक गाडी माणिकबागेच्या फाटकाबाहेर पडली की वाहन दिसण्याआधी एक बारीक, चढत जाणारा आवाज येई. ती कोणती गाडी, हे त्यांना सांगता येत नसे. आवाज कोणत्या पट्टीत येऊन स्थिरावे, ते मात्र त्यांनी पेटीवर दाबून दाखविले होते. ती पट्टी माझ्या वहीत लिहिलेली आहे. ताडून पाहावयास गाडी तेवढी यावयाची आहे.