विमानप्रवासाचा जमाखर्च

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्याने मुंबईकर प्रवाशाला विमानवाहतुकीची दोन्ही अंगे एकापाठोपाठ दाखवली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, म्हणजे इंडिगोची, उड्डाणे हजारोंच्या संख्येने रद्द झाली. ५ डिसेंबर रोजी तर एकाच दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे बंद राहिली आणि विमानतळांवर माणसे सामानाच्या ढिगांशेजारी तासन् तास खोळंबून बसली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, उलव्याचा डोंगर कापून आणि नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी आणि पूर्णावस्थेत ९ कोटी प्रवाशांची सोय करण्याचा त्याचा संकल्प आहे. एकीकडे विस्ताराची ही महत्त्वाकांक्षा आणि दुसरीकडे, वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा व रात्रीच्या अवतरणांची संख्या सहावरून दोनवर आणणारा, जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेला नियम पूर्णपणे अंमलात येताच कोलमडणारी व्यवस्था, या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

माझे म्हणणे असे आहे की, या व्यवसायाचे अर्थकारण जितके नाजूक आहे, तितकाच त्याचा डिजिटल कारभार एकतर्फी झाला आहे. प्रवाशाकडून पैसा, श्रम आणि माहिती घ्यावयाची असते तेव्हा यंत्रणा क्षणार्धात चालते. त्याचे देणे चुकते करण्याची वेळ आली म्हणजे तीच यंत्रणा त्याला अर्ज, पाठपुरावा आणि प्रतीक्षा यांच्या स्वाधीन करते. हा एकतर्फीपणा मोडल्याखेरीज पुढील काळातील विस्तार लोकांच्या हिताचा ठरणार नाही.

विमान हा श्रीमंतांचा मामला आहे, त्याची चिंता सामान्यांनी का करावी, असे कोणी म्हणेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, त्या काळी हे म्हणणे खरे होते. आज ते खरे नाही. २०२४ साली देशांतर्गत विमानांतून १६ कोटींहून अधिक प्रवाशांनी प्रवास केला. आमच्या बोरीवलीत एक्सरपासून देवीपाड्यापर्यंत कोणत्याही सोसायटीत डोकावले, तर मुलगा बंगळुरास, सून हैदराबादेस, लेक परदेशी, असा संसार दर दुसऱ्या घरी आढळतो. बाळंतपणाला, आजारपणाला किंवा अंत्यदर्शनाला निघालेली ही माणसे चैनीखातर उडत नाहीत. रेल्वेची प्रतीक्षायादी पुढे सरकत नाही आणि रजा दोन दिवसांचीच असते, म्हणून उडतात. ज्या सेवेवर कुटुंबव्यवस्थाच अवलंबून राहू लागली, तिला चैनीच्या सदरात घालून सोडून देणे हा नुसता आळस होय.

या सेवेचा ताळेबंद मात्र विलक्षण कृश आहे. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या अलीकडच्या अंदाजांप्रमाणे जगभरच्या कंपन्यांना एका प्रवाशामागे सरासरी सात-आठ डॉलर निव्वळ नफा होतो. भारतात इंधनाचा वाटा एकूण खर्चाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. हे इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने प्रत्येक राज्य त्यावर आपला निराळा कर बसवते. महाराष्ट्राने २०२३ साली मुंबई, पुणे व रायगड या भागांपुरता तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु विमानांचे भाडे आणि सुट्या भागांच्या किमती डॉलरमध्येच चुकवाव्या लागतात, आणि रुपया घसरला की तिकीट न वाढवताही खर्च वाढतो. किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज २०१९ साली आणि गो फर्स्ट २०२३ साली बंद पडली, त्यामागे प्रत्येकीचे निराळे दोष होते. पण कृश ताळेबंद हे तिघींचेही समान दुखणे होते. जेटचे मुख्य दप्तर अंधेरीत होते. ती बंद पडली तेव्हा पश्चिम उपनगरांतील कित्येक घरांचे पगार थांबले आणि आगाऊ तिकीट काढलेले प्रवासी एका रात्रीत दिवाळखोर कंपनीचे धनको बनले, तेही वसुलीच्या रांगेत अगदी शेवटी उभे राहणारे. आज इंडिगो आणि एअर इंडिया या दोन समूहांकडे देशातील दहापैकी नऊ प्रवासी जातात. स्पर्धकांची संख्या घटली की उरलेल्यांच्या चुकीचे ओझे साऱ्या देशावर पडते, हे डिसेंबरने सिद्ध केले.

नफा इतका अल्प असल्यावर कंपन्या उत्पन्नाचे नवे मार्ग शोधणार, आणि ते मार्ग मोबाईलच्या पडद्यावरच सापडणार, हे ओघानेच आले. सत्तरीतल्या एखाद्या जोडप्याने वेब चेक-इन उघडले म्हणजे काय घडते, ते पाहावे. विमानाच्या आसनांची आकृती समोर येते. पुढच्या ओळी, खिडकीच्या व वाटेकडच्या जागा रंगीत असतात आणि प्रत्येकीवर रक्कम लिहिलेली असते; मोफत राहिलेल्या जागा बहुधा मधल्या, मागच्या आणि एकमेकींपासून दूर असतात. पैसे भरून पुढे जाण्याचे बटण ठळक, तर जागा न निवडता पुढे जाण्याची मुभा बारीक अक्षरांत. गुडघेदुखीमुळे वाटेकडची जागा ज्यांना हवी, त्यांना शेजारच्या मजल्यावरच्या मुलाला, 'बाळा, हे जरा बघतोस का?' म्हणून बोलवावे लागते, आणि बहुतेक वेळा मोफत पर्याय न सापडल्याने पैसे भरून ती दोघे मोकळी होतात. तिकिटाच्या रकमेत शेवटच्या पायरीवर सोयीचा आकार म्हणून आणखी एक रक्कम मिळवलेली असते, ती तिकीट रद्द केल्यास सहसा परत मिळत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारच्या फसव्या मांडण्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत, आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हा त्यांतील एक प्रकार आहे. हुकूम आहे, अंमल मात्र दिसत नाही.

नव्या विमानतळाने हा प्रश्न आम्हा उपनगरवासीयांपुरता आणखी तीव्र केला आहे. बोरीवलीहून मेट्रोच्या लाल मार्गाने गुंदवलीपर्यंत आले म्हणजे सहारचा विमानतळ हाकेच्या अंतरावर राहतो. उलव्याचा विमानतळ मात्र खाडीपलीकडे, पन्नासाहून अधिक किलोमीटरांवर आहे आणि मागाठाण्याहून राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ठाण्याकडे जाणारा जोडबोगदा अद्याप बांधला जात आहे. 'मुंबई' असा शोध घेतला असता दोन्ही विमानतळांची उड्डाणे एकाच यादीत, स्वस्ताईच्या क्रमाने येतात. तिकिटात वाचलेले पाचशे-हजार रुपये पहाटे टॅक्सीत जातात, आणि विमानतळ कोणता ते न पाहता तिकीट काढलेल्याचे विमानही चुकू शकते. प्रत्येक तिकिटावर विमानतळाचे पूर्ण नाव ठळक छापणे कंपन्यांना कठीण नाही. ते सक्तीचे झाले पाहिजे.

लहान शहरांची कहाणी याहून कष्टी आहे. लहान शहरांना विमानसेवेने जोडण्यासाठीच्या 'उडान' योजनेत सरकार कंपनीला तीन वर्षे तूट भरून देते आणि त्या मुदतीत मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहावा, अशी अपेक्षा असते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नोंद आहे की, तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, जे ३७१ सुरू झाले त्यांतील ११२ मार्गांनीच मुदत पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी केवळ ५४ टिकले. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या थाटाने सुरू झाला. तीन वर्षांची मुदत सरताच मुंबईची ती सेवा थांबली. बोरीवलीतल्या कोकणवासीयांनी ज्या विमानाकडे डोळे लावले होते, ते गेले, आणि गणपतीला गावी जाणारा माणूस पुन्हा कोकण रेल्वेच्या आरक्षणाकडे वळला. अनुदान संपल्यावर काय, याचा हिशेब आधी न मांडता सोहळे उरकणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, आणि १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेल्या अमरावतीच्या वाट्याला तेच येऊ नये, यासाठी राज्य सरकारने आतापासूनच तजवीज केली पाहिजे.

आता श्रमांचा आणि माहितीचा विचार करू. तिकीट, चेक-इन, बोर्डिंग पास, सामानाची चिठ्ठी, ही सारी कामे पूर्वी कंपनीचे कर्मचारी करीत. आज ती प्रवाशाने स्वतः करावयाची आहेत. काउंटरवर बोर्डिंग पास मागणाऱ्याकडून काही कंपन्या दोनशे रुपये घेऊ लागल्या, तेव्हा जुलै २०२२ मध्ये नागरी विमानवाहतूक मंत्रालयाला ही वसुली थांबविण्याची सूचना करावी लागली. यंत्र हे माणसाचे साहाय्य आहे, त्याचा पर्याय नव्हे, याची साक्ष १९ जुलै २०२४ या दिवसाने दिली: जगभरच्या संगणकांत एका सुरक्षा-प्रणालीचा सदोष भाग शिरला, पडदे निळे पडले, आणि आपल्या देशातील विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी बोर्डिंग पासांवर नाव, उड्डाण क्रमांक व आसन हाताने लिहून प्रवाशांना मार्गस्थ केले. काउंटर आणि त्यामागचा माणूस शिल्लक होता, म्हणूनच त्या दिवशी काही विमाने उडाली.

'डिजियात्रा'ही मी याच दृष्टीने पाहतो. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे आणि पुढील वर्षी मुंबईतही सुरू झालेल्या या योजनेत चेहरा हाच ओळखीचा दस्तऐवज ठरतो आणि प्रवेशद्वारावरची रांग खरोखरच कमी होते. ही सोय आहे, तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती चालविणाऱ्या संस्थेत विमानतळ प्राधिकरणाचा हिस्सा केवळ २६ टक्के असून बाकीचा पाच विमानतळ कंपन्यांचा आहे. २०२४ च्या आरंभी, न विचारताच नावनोंदणी केली जाते, अशा तक्रारी आल्या, तेव्हा योजना ऐच्छिक असल्याचा पुनरुच्चार मंत्रालयाला करावा लागला. उड्डाणानंतर २४ तासांत माहिती पुसली जाते, असे अभिवचन आहे. त्याची रुजुवात स्वतंत्र परीक्षकाने दरवर्षी करावी आणि अहवाल लोकांपुढे ठेवावा, एवढी मागणी अवाजवी नाही. हरवलेला परवाना बदलून मिळतो, चेहरा बदलून मिळत नाही.

कंपन्यांच्या बाजूने एक उत्तर येते, त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. नफा इतका थोडा असताना भरपाईचा बोजा वाढविला, तर तिकिटे महागतील किंवा आणखी एखादी कंपनी बुडेल, असे ते म्हणतात. दरांवर कायमची मर्यादा घालण्याविरुद्ध हा युक्तिवाद मला पटतो. इंडिगोच्या त्या गोंधळात ६ डिसेंबरला सरकारने ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, अशा चढत्या क्रमाने घातलेली कमाल मर्यादा आपत्तीपुरतीच योग्य होती, कारण तीच कायम ठेवली, तर कमी गर्दीच्या दिवसांतील स्वस्त तिकीटही नाहीसे होईल. परंतु परताव्याच्या बाबतीत हा युक्तिवाद लागूच पडत नाही. त्याच दिवशी मंत्रालयाने, ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सर्व परतावे पूर्ण करा, असा हुकूम काढला, आणि त्या मुदतीपर्यंत ६१० कोटी रुपये प्रवाशांकडे परत गेले. हे तंत्र कालपर्यंत अस्तित्वात नव्हते काय? होते. फक्त त्याला तसा आदेश नव्हता. वाण्याकडून उरलेले सुटे पैसे मिळविण्यासाठी कोणी अर्ज लिहीत नाही. विमान कंपनीकडूनही तो लिहावा लागू नये.

म्हणून तीन गोष्टी कायद्याने सक्तीच्या व्हाव्यात. पहिली: शोधाच्या पहिल्याच पानावर सर्व आकारांसह अंतिम रक्कम आणि विमानतळाचे पूर्ण नाव दिसावे. दुसरी: प्रत्येक विमानतळावर, कोणताही जादा आकार न घेता, माणसाने चालविलेला काउंटर राखून ठेवावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केल्यास, उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंतची जी भरपाई आजच्या नियमांत आहे, ती आणि तिकिटाचा परतावा, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात, प्रवाशाने मागण्याची वाट न पाहता, आपोआप जमा व्हावा. उड्डाण रद्द झाल्याची नोंद कंपनीच्या संगणकात त्याच क्षणी होते. खातेक्रमांकही तेथेच असतो.

१ जानेवारी २०२५ पासून जुन्या १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे, आणि त्याखालील नियमांत ही तरतूद बसविणे अशक्य नाही. बोरीवलीसह उपनगरांच्या खासदारांनी ती मागणी संसदेत मांडावी आणि प्रवाशांनीही तक्रार नोंदविण्याचा कंटाळा करू नये, कारण नोंद नसलेल्या गाऱ्हाण्याची दखल कोणतेही मंत्रालय घेत नाही. येत्या वर्षांत विमानतळ वाढतील, विमाने वाढतील, प्रवासीही वाढतील. या वाढीत प्रवाशाचा पैसा ज्या वेगाने जातो, त्याच वेगाने परत येईल, एवढी हमी राज्यकर्त्यांनी दिली पाहिजे.