फिटणारी गैरसोय आणि न फिटणारी

तळोजा, बदलापूर, टिटवाळा किंवा पुण्याकडे वाघोली, मोशी इथे पंचेचाळीस लाखांच्या आतलं नवं घर बुक करणाऱ्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असते. घर स्वस्त आहे ते जागेमुळे. सिमेंट, सळई आणि लिफ्ट ठाण्यात काय नि बदलापुरात काय, साधारण त्याच भावाने पडतात. फरक असतो तो जमिनीचा. म्हणजे बिल्डर ज्याला सवलत म्हणतो ती बहुतेक वेळा जागेतल्या दोषाची किंमत असते. त्या बजेटात निर्दोष जागा मिळणार नाही, तेव्हा ती शोधत बसण्यात अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच, की हा दोष पुढेमागे कोणी दूर करू शकेल का, आणि तोवर घरातल्या सगळ्यांना तो झेपेल का? रस्ता, रेल्वे, शाळा नसणं ही फिटणारी गैरसोय. नदीचं पूरक्षेत्र किंवा रासायनिक कारखान्याचा शेजार ही न फिटणारी. पहिलीसाठी घासाघीस करावी. दुसरी असेल तर घर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

जाहिराती जगतात त्या फिटणाऱ्या गैरसोयींवर. ‘मेट्रो येतेय, विमानतळ येतोय’ हे खोटं नसतं, पण कधी येतोय ते त्यात नसतं. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि प्रवासी गाडीत बसले नोव्हेंबर २०२३ मध्ये. मेट्रोच्या भरवशावर २०११ साली तळोज्यात घर घेतलेल्यांचं पहिलीतलं मूल तोवर बारावी पास झालं. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी २००७ ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ चं. वीस वर्षांच्या कर्जातली अठरा वर्षं त्यातच गेली. म्हणून येणाऱ्या सोयीला भाव शून्य लावावा आणि घर आजच्या गैरसोयीवर तोलावं. माहितीपत्रकातली ‘स्टेशनपासून सात मिनिटं’ ही रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून मोजलेली असतात. सोमवारी साडेसातला शेअर रिक्षाच्या रांगेत ती किती होतात, ते आपण उभं राहून मोजावं. दोघं नोकरी करणारे असतील तर रिक्षा, पास आणि टँकरमुळे फुगलेला मेंटेनन्स हे सगळं हप्त्यात मिळवावं. बदलापूरहून सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, जवळपास दीड तास. येऊन-जाऊन रोजचे तीन तास त्या हिशोबात मांडताच येत नाहीत, आणि खरा खर्च तोच असतो.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. ते कागदावर फिटणारं असलं तरी त्याची वाट पाहता येत नाही. पुण्याजवळची नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गुलियन-बॅरे सिंड्रोमची) साथ पसरली ती याच पट्ट्यात, दूषित पाण्याचा संशय घेऊन. गाव महापालिकेत आलं म्हणून नळाला शुद्ध पाणी आलं, असं होत नाही.

न फिटणाऱ्या दोषांकडे गिऱ्हाईक फारसं पाहत नाही, कारण ‘रेरा नंबर आहे, बँक कर्ज देतेय’ एवढ्याने त्याचं समाधान होतं. रेरा कायद्याने बांधकामातला दोष पाच वर्षांपर्यंत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. जागेतल्या दोषाला तशी हमी नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोहोंमध्ये अटींवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणजे इमारत पूर्ण कायदेशीर आणि तरीही पुराच्या वाटेवर, असं होऊ शकतं. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी फुगली तेव्हा वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले आणि बदलापूरच्या सखल भागात घरांत पाणी शिरलं. डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. कारखाने हलवण्याच्या घोषणेवर विसंबून तिथे खिडकी उघडणारं घर घ्यायचं, हे मला पटत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पाणी तर मुंबईत हिंदमातालाही तुंबतं. तुंबतं, पण तिथला पाऊस थांबला की ते उतरतं, आणि माणूस चौथ्या मजल्यावर असतो. नदीकाठच्या स्टिल्टमध्ये उभी दुचाकी आणि मीटरची खोली मात्र दर मोठ्या पुरात जाते. दुसरं उत्तर, भाव वाढतील. वाढतीलही. पण राहतं घर विकल्याशिवाय तो पैसा हातात येत नाही, आणि विकून त्याच वाढलेल्या बाजारात दुसरं घ्यावं लागतं. तिसरा आक्षेप सगळ्यात खरा: ज्याचा पगारच तेवढा, त्याने जायचं कुठे? त्याच्यासाठी पर्याय थोडे आहेत हे कबूल. पण लांबच्या नव्या टू बीएचकेऐवजी कल्याण-डोंबिवलीतलं, कारखान्यांपासून दूरचं, दहा-पंधरा वर्षं जुनं वन बीएचके तपासायला काय हरकत आहे? पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी लागत नाही. खोली एक कमी, पण रोजचा हाताशी वेळ जास्त. मुलं लहान असतील तर मी वेळ निवडेन.

जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि बुकिंग दसऱ्यालाच करायचं असेल तर जागा जुलैच्या भर पावसात एकदा पाहून या.