आधी नळ, मग रस्ता

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कोरेगावच्या मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. केरसुण्या, लाह्या-बत्तासे, बोळकी, झेंडूचे ढीग पार डांबराच्या कडेला येऊन बसतात. गळिताचा हंगामही याच सुमारास तोंडावर असतो. मग झेंडूपासून हातभर अंतर राखत उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर सरकतो, त्याच्या मागे पंढरपूरची एसटी. सणाची ही गर्दी आम्हांला हवीच आहे. पण त्यातून लेकराचा हात घट्ट धरून रस्ता ओलांडणारी बाई पाहिली की पोटात गोळा येतो. म्हणून यंदा हे पान रस्त्यासाठी.

माहुलीला कृष्णा ओलांडून आलेला हा रस्ता कोरेगावातून पुसेगाव, म्हसवड, अकलूज, बार्शी करत थेट मध्य प्रदेशातल्या बैतूलपर्यंत जातो. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी. मालकी केंद्र सरकारची. मग नगरपंचायतीने त्यात करायचे काय, असे लोक विचारतात. आमच्या मते पुष्कळ काही, आणि तेही रस्त्याच्या कामाची पहिली कुदळ पडण्याआधी.

ठेकेदाराकडे रस्त्याचा नकाशा असतो; रस्त्याच्या पोटात काय आहे ते गावाला ठाऊक असते. नळाची जुनी लाइन कुठून गेली, व्हॉल्व्ह कुठे गाडला गेला, पावसाचे पाणी कोणत्या बोळातून तिळगंगेकडे उतरते. लहान गावांत ही माहिती बहुधा कागदावर नसते, व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की तीही गेली. मग काँक्रीट पडून वर्ष होत नाही तोच गळती निघते, नवा रस्ता फोडावा लागतो आणि बुजवलेल्या चरावर कुणाची तरी दुचाकी घसरते. तसेच उंचीचे. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवत गेले की रस्ता वर जातो आणि दुकानांच्या पायऱ्या खाली राहतात. वळवाच्या पहिल्याच सरीत पाणी उंबरा ओलांडते. गटाराची आणि रस्त्याची पातळी काय हवी, हे नगरपंचायतीने मोजून, लेखी, वेळेवर द्यायला हवे. आधी नळ, मग गटार, मग रस्ता, हा हट्ट दुसरे कोणी धरणार नाही.

आमच्याच तालुक्यात रहिमतपूरला १८५३ पासून नगरपालिका आहे. तालुक्याचे ठिकाण असलेले कोरेगाव मात्र २०१६ पर्यंत ग्रामपंचायतीवरच चालले. बाजारपेठ वाढली, आल्याच्या आणि वाघ्या घेवड्याच्या गाड्या वाढल्या. कारभाराचा सदरा तोकडाच राहिला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांच्या यादीत ‘रस्ते आणि पूल’ घातले, त्याला आता तीन दशके उलटली. तेवढ्या काळात गावांना पैसा थोडाफार मिळाला. पण नकाशे काढणारा, पातळी मोजणारा अभियंता किती ठिकाणी मिळाला?

फेरीवाल्यांबद्दलही बोललेच पाहिजे. रस्ता मोकळा करायचा म्हणजे पहाटे जेसीबी लावायचा, ही समजूत आम्हांला मान्य नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने समिती नेमायला, विक्रेत्यांची पाहणी करायला आणि जागा ठरवून द्यायला सांगितले आहे. झेंडूवालीला महामार्गाच्या कडेला बसायची हौस नाही. गिऱ्हाईक जिथून जाते तिथे ती बसते. बाजाराला चालत जाता येईल अशी जागा दिली, तर ती तिथे जाईल.

भाऊबीज झाली की कोरेगावच्या सतराही नगरसेवकांनी एक सकाळ काढावी. जुन्या व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन मुख्य रस्त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालावे, तो बोट दाखवील तिथे फक्की टाकावी आणि पावसाने ती धुऊन जाण्याआधी प्रत्येक खूण नकाशावर चढवावी.