गुप्त काय आहे त्यात?

'गुप्तरोग' हा शब्द ज्याने कुणी मराठीत रुजवला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. रोग, लाज आणि 'कुठे बोलू नकोस' ही ताकीद, सगळं एकाच शब्दात. रेल्वेलगतच्या भिंतींवर तो हातभर अक्षरांत रंगवलेला असतो, घरात मात्र कुणी उच्चारत नाही. आज त्यातल्याच एकाबद्दल लिहितोय: जननेंद्रियांचा हर्पीस. ज्यांना 'शी!' म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्या.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयाच्या तब्बल ८४ कोटी ६० लाख लोकांना हा संसर्ग होता. म्हणजे पाचात एकाहून जास्त! त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नसतो, कारण लक्षणं एकतर नसतातच किंवा घामोळं, रेझर लागलं असं समजून सोडून दिली जातात.

हा विषाणू दोन प्रकारचा. टाइप २ मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. टाइप १ बहुधा लहानपणीच तोंडावाटे येतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका येतो ना, तो हाच. आणि हाच टाइप १ मुखमैथुनातून खालीही पोचतो. आता गंमत बघा. फोड ओठावर आला तर आजी तूप लाव म्हणते. तोच दोन-अडीच फूट खाली आला की थेट चारित्र्य निघतं. विषाणू तोच, फक्त पत्ता बदलला!

(नागीण वेगळी बरं का. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. भाऊबंद आहेत, पण घरं वेगळी.)

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. फोड आले, जळजळ, ताप. ज्या डॉक्टरकडे गेला त्यांचा पहिला प्रश्न, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर जी नजर मिळाली तिच्यापुढे फोड परवडले. पठ्ठ्याने रात्रभर नेटवर भयानक फोटो पाहिले आणि पुढची दोन वर्षं येणारं प्रत्येक स्थळ काही ना काही खोट काढून परतवलं. घरच्यांना वाटलं पोराला भाव चढलाय. या काळात फोड परत किती वेळा आले? दोनदा. दोन वर्षांत दोन आठवड्यांचा आजार, आणि बाकीचे शंभर आठवडे त्या एका नजरेचे.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की यात रोगापेक्षा 'गुप्त' जास्त छळतं. हा विषाणू कायमचा जात नाही, हे खरं. कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी बॅकग्राउंड प्रोसेससारखा पडून राहतो, अधूनमधून उठतो. पण बहुतेकांत हे उठणं काळाबरोबर कमी होत जातं. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सुरू केल्या तर फोड लवकर आटोपतात. वारंवार येत असतील तर रोज घ्यायचाही पर्याय आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेणाऱ्यांकडून जोडीदाराला टाइप २ची लागण होण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. कंडोमने धोका आणखी कमी होतो, शून्य होत नाही. फोड असताना, किंवा नुसती मुंग्या-जळजळ सुरू झाली तरी, संबंध टाळायचा. फोड नसतानाही लागण होऊ शकते.

आणि याच कारणासाठी, नवरा-बायकोंनो, रिपोर्ट हातात घेऊन एकमेकांची उलटतपासणी सुरू करू नका. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून पहिल्यांदा आज उठू शकतो. आजचा फोड म्हणजे कालची बेइमानी, हे गणितच चुकीचं. त्यात 'फुल बॉडी पॅकेज'मधली हर्पीस आयजीएम टेस्ट! ती संसर्ग नवा की जुना हे धड सांगू शकत नाही. आयजीजीसुद्धा किंचित पॉझिटिव्ह असेल तर अनेकदा खोटी निघते. ताज्या फोडातला नमुना घेऊन केलेली पीसीआर जास्त भरवशाची. लक्षणं नसताना उगाच रक्त देऊन संसार मोडू नका.

"एवढं किरकोळ आहे तर जोडीदाराला सांगायचं कशाला?" असंही कुणी म्हणेल. सांगायचंच! आणि संबंधाआधी सांगायचं, निर्णय त्याचाही आहे. गरोदरपणात तर डॉक्टरपासून अजिबात लपवू नका. शेवटच्या महिन्यांत आईला नव्याने लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. टाइप २मुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही वाढतो. बघा, यातलं प्रत्येक नुकसान टाळायला बोलावंच लागतं, आणि आपण रोगाचं नावच 'बोलू नका' असं ठेवलंय.

या गप्प बसण्यावर दुकान चालतं ते भिंतीवरच्या वैद्यांचं. अशा रोगांवर इलाजाच्या जाहिराती करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. त्यापेक्षा सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात. डॉक्टरने लग्नाचं विचारून नजर दिली तर उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा.

असो. भिंतीवरचा तो शब्द पुसणं आपल्या हातात नाही, तोंडातला आहे. पुढच्या वेळी कुणी मित्र चाचरत काही सांगायला लागला तर 'कुठे गेला होतास' असं विचारू नका. 'डॉक्टरकडे गेलास का' एवढंच विचारा.