पटकीचे जंतू आणि औषधांची सामाईक पुंजी

टांझानियात १९७७ साली पटकीची साथ आली, तेव्हा रोग्यांबरोबरच निरोगी माणसांनाही प्रतिबंधक उपाय म्हणून टेट्रासायक्लिन सढळ हाताने वाटण्यात आले. प्रारंभी औषध गुणकारी होते. पाच महिन्यांनंतर मात्र तपासलेल्या जंतूंपैकी ७६ टक्के त्याला दाद देईनासे झाले. हा धडा जगाच्या अजून पचनी पडलेला दिसत नाही.

पटकीचा जंतू प्रतिकारशक्ती केवळ वारशाने मिळवीत नाही, ती उसनीही घेतो. प्लास्मिड नावाचे जनुकांचे वेटोळे एका जंतूतून दुसऱ्यात जाते आणि त्यात अनेक औषधांवरचा तोड एकत्र असू शकतो. येमेनमध्ये २०१६ साली साथ सुरू झाली. तेथे २०१८ च्या उत्तरार्धात असे प्लास्मिड घेतलेले जंतू आढळले आणि २०१९ मध्ये त्यांचेच प्राबल्य झाले. गरोदर स्त्रिया व मुले यांना ज्या वर्गातील औषधे दिली जात, त्या ॲझिथ्रोमायसिनच्या वर्गालाही ते जुमानीत नव्हते. हाच वंश २०२२ मध्ये लेबनॉन, २०२३ मध्ये केनिया आणि २०२४ मध्ये टांझानिया व कोमोरो बेटे येथे आढळला. दहा प्रतिजैविके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली आहेत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने औषधाची परिणामकारकता ही गावच्या गायरानासारखी सामाईक संपत्ती होय. गोळीचा लाभ घेणाऱ्याला मिळतो, झिजेचा भार मात्र सर्वांवर पडतो. तो भार गोळीच्या किमतीत धरलेला नसल्यामुळे ती स्वस्त वाटते. गायरान क्वचित पुन्हा हिरवे होते, हेही खरे. १९९२ मध्ये मद्रासेत प्रकटलेला ‘ओ १३९’ हा प्रकार को-ट्रायमोक्साझोलला दाद देत नव्हता. १९९६ मध्ये कलकत्त्यात तो पुन्हा आढळला, तेव्हा त्या औषधाला दाद देऊ लागला होता. परंतु अशा योगायोगाच्या भरवशावर आरोग्यनीती आखता येत नाही.

मग रोग्याला प्रतिजैविक नाकारावे काय? मुळीच नाही. अत्यवस्थ रोग्याचे जुलाब आणि आजाराचे दिवस त्याने कमी होतात. पण प्राण वाचतात ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार भरून काढल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनी वापरली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. मीठ, साखर आणि पाणी यांच्या या मिश्रणावर जंतूंना तोड काढता येत नाही. कारण ते जंतूला मारीत नाही, माणसाला जगविते.

म्हणून निरोगी माणसांना सरसकट गोळ्या वाटणे थांबले पाहिजे, प्रत्येक साथीत जंतूंची औषधसंवेदनशीलता तपासली गेली पाहिजे आणि नळ व गटारे यांवर खर्च झाला पाहिजे. नळयोजनेचा खर्च अंदाजपत्रकात ठळक दिसतो; औषधांच्या झिजेचा खर्च कोणत्याच रकान्यात दिसत नाही. तो पुढच्या साथीतील रोग्यांकडून वसूल होतो, आणि ते बहुधा शुद्ध पाण्याला पारखे झालेले गरीबच असतात.